नवसाच्या दोन अटी

सन २००३, ऑगस्टमधला पहिला बुधवार, संध्याकाळ. ऐवज: अर्धा किलो कडवे वाल, ईलिंग रोडच्या दुकानातून आणून भिजवलेले. हजर: माझी आई रिबका, मी, आणि नॉटिंगहॅमहून फोनवर माझी धाकटी बहीण फ्लोरा.

ही सुरुवात ऐकून फ्लोरा म्हणाली, "दादा, हा लेख आहे की टेंडर?" तिचं खरं आहे. मी इमारतींच्या खर्चाचे अंदाज काढतो. विटा किती लागतील, वाळू किती, पावसामुळे काम किती खोळंबेल, हे आधी सांगायचं आणि करारात लिहायचं, यातच माझं आयुष्य गेलं. ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे त्याला माझं कुठलंच माप लागू पडलं नाही. म्हणून निदान सुरुवात तरी ओळखीच्या रस्त्याने करतो.

आठवण निघाली ती हवेमुळे. यंदा, म्हणजे २००६च्या जुलैमध्ये, पुन्हा तसाच उकाडा पडला. मागचं लॉन भाजल्यासारखं पिवळं झालं. भुयारी ट्यूब रेल्वेत माणसं अंग चोरून उभी राहू लागली. दुकानांतले पंखे संपले, कारण या देशात पंखा ही वस्तू कोणी आधी घेऊन ठेवत नाही. मग एका संध्याकाळी टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईने नकाशावर निळे दात असलेली एक रेघ आयर्लंडकडून आमच्या बाजूला सरकवली. कोल्ड फ्रंट. पुढे गडगडाट आणि पाऊस, मागे थंड, कोरडी हवा. बाईचा चेहरा आनंदी होता. सगळा देश त्या रेघेची वाट बघत होता. मी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या ग्लासभर पाणी प्यालो. तहान लागली नव्हती.

आम्ही बेने इस्रायल. कोकणातले ज्यू, मुंबईमार्गे इथे आलेलो. आई शेवटपर्यंत सिनेगॉगला मशीदच म्हणायची, जुनी माणसं म्हणायची तसं. ते ऐकून इथल्या इंग्रज ज्यू बायका दचकायच्या आणि आईला त्यात मजा वाटायची. आमच्या आव महिन्याच्या नवमीला सुतकाचा उपास असतो, जेरुसलेमचं देऊळ पाडलं त्याचा. एका संध्याकाळी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. हा उपास जगातले सगळेच ज्यू करतात, पण कोकणातल्या आमच्या लोकांनी त्याला आपलं नाव दिलं, बिरड्याचा सण. कारण उपास सुटतो तो मोड आलेल्या वालांच्या बिरड्याने. सुतकाला सण म्हणणारे आम्हीच असू.

इंग्लंडमध्ये वालांना मोड आणणं म्हणजे एरवी मोठं काम. फडक्यात बांधून ते गाठोडं गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या घडीत ठेवायचं आणि वाट बघायची. त्या वर्षी गाठोडं नुसतं खिडकीत ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत मोड फडक्यातून बाहेर डोकावत होते. आईने एक वाल उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "यांना सुद्धा यंदा घाई झालीय."

फोन स्पीकरवर होता. फ्लोरा तिकडे हॉस्पिटलात नर्स आहे. आईशी बोलताना ती कधी मुलगी असते, कधी वॉर्डची सिस्टर.

"आई, उद्या तू पाणी पिणार आहेस."

"उद्या उपास आहे."

"मला माहीत आहे. तू एक्क्याऐंशी वर्षांची आहेस आणि तुला वॉटर टॅब्लेट चालू आहेत, अंगातलं पाणी काढणाऱ्या. डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"तो काल शाळेतून सुटलाय."

"मशिदीतले रबाय सुद्धा म्हणाले ना, आजारी माणसाला उपास माफ आहे?"

"मी कुठे आजारी आहे? मी म्हातारी आहे."

"दादा, तू बोल ना काहीतरी! नुसता उभा असशील तिथे."

मी खरंच नुसता उभा होतो. मी म्हणालो, "आई, घोटभर तरी." आईने माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणी मुंबईत, भायखळ्याच्या घरी, उपासाच्या दिवशी मोरीत जाऊन चोरून पाणी प्यायचो तेव्हा ती अशीच बघायची. रागावून नाही, नुसतं कळल्यासारखं. मग ती फोनकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "उद्या पाऊस आहे म्हणे, टीव्हीवर दाखवत होते. हवा गार झाली की तहान लागत नाही. तुम्ही दोघं जेवून घ्या."

तेव्हा सगळं त्या पावसावर येऊन ठेपलं. फ्रंट गुरुवारी दुपारी पोचला तर आईचा उपास निभेल. नाही पोचला, तर ते पाण्याविना वाळत जाणारं शरीर आणि तो उकाडा, दोघांत कोण जिंकणार हे मला माहीत नव्हतं. आणि अंदाज काढणं हा तर माझा धंदा.

आमच्या जिन्याजवळ एक पितळी यंत्र आहे. वडिलांनी मुंबई बंदरातल्या लिलावात घेतलेलं, कुठल्याशा मोडीत काढलेल्या बोटीवरचं. त्याच्यावर दोन काटे आहेत, एक उष्णतेचा, एक हवेतल्या ओलाव्याचा. वडील गेल्यावर ते मी इकडे आणलं. त्या गुरुवारी मी जिन्यावरून इतक्या वेळा वरखाली केलं की शेवटी आई म्हणाली, "डॅनी, त्या काट्यांना तू बघतोस म्हणून लाज वाटतेय. बस इथे. वाल सोल."

मी कामावर गेलो नव्हतो. मागच्या दाराशी, जिथे थोडी सावली होती, तिथे ती बुटक्या स्टुलावर बसली होती. सुतकाच्या दिवशी खुर्चीवर बसत नाहीत. मी पायरीवर. मधे पातेलं. भिजलेला वाल दोन बोटांत धरून दाबला की पांढरा दाणा साल सोडून सुळकन बाहेर येतो. मी दाबला की दाणा लॉनवर उडायचा.

"इमारती कशा रे उभ्या राहतात तुझ्या?"

"त्या मी बांधत नाही, आई. मी फक्त किती लागेल ते सांगतो."

"म्हणून राहतात."

ती हसली, आणि हसताना तिचे ओठ किती सुकलेत ते मला दिसलं. जीभ फिरवली तरी ओले होत नव्हते. तिच्या हाताची कातडी मी चिमटीत धरून सोडली, फ्लोराने फोनवर सांगितलं होतं तसं. कातडी तंबूसारखी उभी राहिली आणि सावकाश खाली बसली. आई म्हणाली, "काय कापड बघतोयस? विकायचं नाहीये."

दुपारी पश्चिमेकडे ढग दिसले. खरेखुरे, तळाशी काळे आणि वर फुलकोबीसारखे फुगलेले. हवा एकदम थांबली. शेजाऱ्यांच्या सिकॅमोरचं पान हलेना. आई स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून पेंगत होती. तोंड किंचित उघडं होतं. मी बागेच्या टोकाला, कंपोस्टच्या डब्याजवळ गेलो. तिथून घर दिसत नाही. आणि मी, जो मशिदीत आईला सोडायला जायचो आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो, मी नवस बोललो.

आमच्यात नवस बोलतात तो एलियाहू हन्नाबीला. संदेष्टा एलिया. अलिबागजवळ त्याच्या रथाची खूण दगडावर उमटली आहे असं आमचे लोक मानतात. तो वादळातून वर गेला, आणि त्याच्या शब्दावर पाऊस थांबायचा आणि यायचा, असं आई सांगायची. नवस पुरा झाला की मलिदा करायचा. पोहे, नारळ, साखर, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. मी हळू आवाजात म्हणालो, "एलियाहू हन्नाबी, हा पाऊस इकडे येऊ दे आणि माझ्या आईच्या पोटात पाणी जाऊ दे. मी मलिदा करीन."

दोन अटी आणि एक मोबदला. बोलल्यावर मला थोडं बरं वाटलं, जसं सही झाल्यावर वाटतं.

ढग आमच्या डोक्यावरून आले नाहीत. ते उत्तरेला वळले. संध्याकाळी फ्लोराचा फोन, मागे छपरावर पाणी आपटल्याचा आवाज. "दादा, इथे नुसता धो धो! तुमच्याकडे आला का?" मी म्हणालो, "नाही." मनात म्हटलं, पत्ता नीट सांगायला हवा होता. नुसतं 'इकडे' म्हणून कोणाला कळणार.

पण आई निभावली. पहिली चांदणी तिनेच दाखवली, विमान नाही ना याची मी खात्री करून घेतली, आणि मग ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. मी निळी रेघ असलेला काचेचा ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला. तिने आधी आशीर्वादाचे शब्द म्हटले, सावकाश, एकही अक्षर न गाळता. मी तेव्हा तिच्या गळ्याकडे बघत होतो. पहिला घोट खाली जाताना मला दिसला. मग दुसरा. ग्लास रिकामा करून तिने तो पुन्हा पुढे केला, लहान मुलासारखा. बिरडं थोडं आंबट झालं होतं, वालांनी घाई केली म्हणून. तिने भातावर दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या वाट्याचे वाल लॉनवर आहेत. जा वेच."

इतका आनंद मला त्या घरात पुन्हा झालेला नाही.

शुक्रवारी फ्लोरा आली. उन्हाने रूळ तापले होते म्हणून गाड्या रांगत चालल्या होत्या. ती घामाने निथळत दारात उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली, "प्यायली का?" मग आईला तपासलं, नाडी, जीभ, पाय, आणि तिच्याशेजारी सोफ्यावर पडून रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत मला म्हणाली, "हिला कोणी नर्स केलं?"

शनिवार आमचा शब्बाथ. गाजर, काकडी, थंड भात. कोणी काही शिजवलं नाही. त्या दिवशी आईने आम्हाला मोझेसकाकांची नक्कल करून दाखवली. मोझेसकाका म्हणजे वडिलांचे मुंबई बंदरातले सोबती. वेम्बलीत राहतात, आमच्या लोकांत मलिद्याची प्रार्थना गाणारे आता तेच. गाताना वरच्या सुराला गेले की त्यांचा एक डोळा मिटतो. आईने डोळा मिटला आणि फ्लोरा हसून हसून जमिनीवर बसली.

रविवारी इंग्लंडमध्ये पूर्वी कधीच झालं नव्हतं इतकं तापमान झालं. ते नंतर बातम्यांत कळलं. आम्हाला एवढंच कळत होतं की खिडकी उघडली तर आत भट्टी येते आणि बंद केली तर आत भट्टी राहते. आईने सकाळी चहा घेतला. दुपारी लिंबाचं सरबत घेतलं, फ्लोराने स्वतः दिलं. मग पुढच्या खोलीत पडदे ओढून ती दिवाणावर आडवी झाली. फ्लोरा रविवारच्या जाड वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन तिला वारा घालत होती.

आई डोळे मिटून म्हणाली, "पाऊस आला की उठवा."

फ्लोराचा हात दुखायला लागला तेव्हा तिने पुरवणी मला दिली. मी वारा घालत राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. नंतर फ्लोराने पुढे वाकून आईच्या मनगटावर बोटं ठेवली, आणि ती बोटं तिने काढलीच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हातारपण आणि हा उन्हाळा. फ्लोराने मला दारामागे घेऊन सांगितलं, "उपासामुळे नाही, दादा. तीन दिवस ती व्यवस्थित पीत होती. लिहून देते हवं तर." माझा तिच्यावर विश्वास आहे. तरी मी जिन्यावरून जाताना त्या यंत्राकडे बघत नसे.

सोमवारी दफन झालं. दफनभूमीतली माती इतकी कडक झाली होती की फावड्यातून ढेकळं पडत होती आणि त्यांचा आवाज होत होता. मग आम्ही दोघं सात दिवस बसलो. आरशांवर चादरी, जमिनीवर गाद्या, दार उघडं. आईच्या माहेरची पद्धत अशी की ज्या खोलीत माणूस गेलं तिथे सात दिवस दिवा ठेवायचा आणि दिव्याजवळ पाण्याचा ग्लास. फ्लोराने तोच निळ्या रेघेचा ग्लास आणला. मी रेघेपर्यंत पाणी भरलं. माझ्या हाताला सवय आहे, रेघ असली की रेघेपर्यंत.

लोक येत होते. अंडी, भाकरी, डाळ. शेजारच्या गुजराती बाई बर्फाची पिशवी घेऊन आल्या आणि ती कुठे ठेवावी ते न कळून मांडीवर घेऊन बसल्या. आमचे तरुण भाचे-पुतणे इंग्लिशमध्ये हळू बोलत होते. मराठी फक्त मोझेसकाकांशी, आणि त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या दिवसांत आमच्या घरात मराठी बहुतेक ओरडूनच बोललं गेलं. एरवी त्या भाषेत आई आणि मी किती हळू बोलायचो.

बुधवारी दुपारी उजेड बदलला. पितळेवर धूळ बसल्यासारखा. मोझेसकाका प्रार्थना म्हणत होते. बाहेर सिकॅमोरची पानं एकदम उलटी झाली आणि त्यांची पांढरट बाजू दिसली. वरच्या मजल्यावर कुठलंसं दार धाडकन आपटलं, आणि मग तो वारा खालच्या खोलीतून गेला. आरशावरची चादर फुगली. दिव्याची ज्योत आडवी झाली. फ्लोराने दोन्ही हातांचा आडोसा केला. पहिला गडगडाट झाला तो लांब नव्हता, घरावरच होता. मोझेसकाकांना तोही ऐकू आला. ते थांबले, वर बघून गडगडाटाचा आशीर्वाद म्हणाले आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे म्हणू लागले.

मग पाऊस. आधी मोठे, वेगळे वेगळे थेंब, ज्यांचे डाग फरशीवर लगेच सुकत होते. मग सगळं एकत्र. गटारं भरून रस्ता वाहायला लागला. बाहेर मुलं ओरडत होती, कोणीतरी गाडीचा हॉर्न नुसताच आनंदाने वाजवत होतं. आमच्या खोलीत फक्त मोझेसकाकांची प्रार्थना चालू होती. मी गादीवरून उठलो, दिवाणाजवळ गेलो, जिथे दिवा होता, आणि म्हणालो, "आई, पाऊस आला."

सांगायला सांगितलं होतं, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ निराळ्याच देशातली वाटली. आकाश घासून धुतल्यासारखं. कित्येक दिवस फुगून बसलेलं बाथरूमचं दार आपोआप लागलं. मीठ बरणीतून मोकळं पडायला लागलं. अंगाला काहीच चिकटत नव्हतं, उशी नाही, शर्ट नाही. फ्लोरा शाल शोधत होती. आई ज्या हवेची वाट बघत होती ती घरभर फिरत होती आणि मला ती घरात घ्यावीशी वाटत नव्हती. मी पुढची खिडकी लावायला गेलो आणि तेव्हा ग्लास पाहिला.

पाणी निळ्या रेघेच्या खाली गेलं होतं. नाण्याच्या जाडीइतकं. सोमवारपासून बुधवारपर्यंत ते रेघेवरून ढळलं होतं असं माझ्या तरी लक्षात आलं नव्हतं. एका रात्रीत ते खाली गेलं.

फ्लोरा मागे येऊन उभी राहिली होती. ती अगदी हळू म्हणाली, "दादा, आई प्यायली."

का ते मला माहीत होतं. जिन्याजवळच्या ओलाव्याच्या काट्याने रात्रीत कोरड्या बाजूला चांगलाच पल्ला गाठला असणार, न बघताही सांगता येत होतं. दमट हवेत पाणी जागचं फारसं हलत नाही, कोरडा वारा आला की उडून जातं. याला सिमेंट वाळण्याचं गणित लागू पडतं, मी ते रोज करतो. पण फ्लोराचं तोंड बघून मी म्हणालो, "हो." आणि तेव्हाच, खिडकीच्या कडीवर हात असताना, मला तो नवस आठवला.

पाऊस इकडे येऊ दे. आला. आईच्या पोटात पाणी जाऊ दे. गेलं, गुरुवारी रात्री, मी डोळ्यांनी पाहिलं. कधीपर्यंत, ते मी बोललोच नव्हतो. मुदत घातल्याशिवाय आयुष्यात एक कागद पुढे न सरकवणारा मी, इथे मुदत घालायला विसरलो होतो. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या आणि आई गेली होती.

सात दिवस संपल्यावर मी हे मोझेसकाकांपुढे मांडलं. फ्लोरा भडकली.

"आई गेली, आणि तू मलिदा करणार? कशाबद्दल? थँक यू म्हणायला?"

मोझेसकाकांनी कानामागे हात धरला. "काय बोललास ते सांग. शब्दाला शब्द."

मी सांगितलं.

"मुदत?"

"नाही घातली."

"मग लटकलास." ते थोडं हसले, मग त्यांचं हसू गेलं. "हे बघ डॅनी, मला काही कळत नाही. मी बंदरात क्रेन चालवली. पण बोललास ना? मग करायचा. कधी, ते तू बघ. त्यानेही मुदत घातलेली नाही."

पहिलं वर्ष सुतकात गेलं. पुढच्या वर्षी मोझेसकाकांचं गुडघ्याचं ऑपरेशन. मग आमच्या ऑफिसचं मोठं काम. फ्लोरा विषय काढू देत नव्हती आणि मीही फार काढत नव्हतो. कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, वेळ नाही. खरं असं होतं की आईशी माझा एवढाच एक व्यवहार चालू राहिला होता. बाकी सगळं मिटलं होतं. पेन्शन बंद झाली, लायब्ररीचं कार्ड परत गेलं, औषधं केमिस्टला दिली. हा एक नवस तेवढा उघडा होता, आणि तो उघडा असेपर्यंत तो गुरुवार संपला नव्हता.

यंदा जुलैत ती निळ्या दातांची रेघ आमच्यावरून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्लोरा न कळवता आली. हवा तशीच होती, घासलेली. आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "दादा, तो तुझा मलिदा. करून टाक आता."

"तू तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. काल रात्री इकडचा पाऊस बघत होते टीव्हीवर. मला तो ग्लास आठवला." तिने पायाने लॉनवरचं वाळलेलं गवत उकरलं. "पाणी उडून गेलं होतं, मला माहीत होतं. नर्स आहे मी. वॉर्डात रोज पेशंटच्या उशाशी पाण्याचे जग बघते."

"मग आई प्यायली असं का म्हणालीस?"

"तू खिडकीला धरून उभा होतास. मला वाटलं, हा आता पडतो की काय. काहीतरी बोलायला हवं होतं." मग माझ्याकडे वळून, "तू का हो म्हणालास? तुला तर पक्कं माहीत असणार."

"तुझं तोंड बघून."

तिने माझ्या दंडावर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी, चांगली लागेल अशी. "तीन वर्षं, दादा," ती म्हणाली, "तीन वर्षं मी तुला खोटं सांगितलं म्हणून मनाला लावून घेतेय!" आणि आम्ही दोघं हसलो आणि ते हसू लगेचच मोडलं. त्या पायरीवर, जिथे वाल उडाले होते, आईसाठी आम्ही दोघं एकत्र पहिल्यांदाच रडलो. सात दिवस बसलो होतो तेव्हा आम्ही एकमेकांना सांभाळत होतो.

बिरड्याचा उपास व्हायचा होता. त्याच्या आधी मलिदा करत नाहीत, म्हणून थांबलो. यंदा त्या दिवशी हवा गार होती, आई असती तर तिला तहान लागली नसती. वालांना पुन्हा टाकीच्या कपाटात ठेवावं लागलं. फ्लोराने सोलले. माझ्याकडे पातेलं दिलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मोझेसकाकांना मी वेम्बलीहून गाडीतून आणलं. आता काठी लागते आणि ऐकू तर जवळजवळ येतच नाही. आम्ही तिघंच मराठी बोलणारे. बाकी भाचे-पुतणे आणि त्यांची मुलं, आणि शेजारच्या गुजराती बाई, बर्फाशिवाय. काकांनी गायला सुरुवात केली. वरच्या सुराला त्यांचा डोळा मिटला. मी फ्लोराकडे पाहिलं नाही आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर प्रार्थना पुरी झाली नसती.

एका मुलीने इंग्लिशमध्ये विचारलं की हे कशासाठी आहे. मी म्हणालो, माझ्या आईला पाणी प्यायला मिळावं म्हणून. तिने विचारलं, मिळालं का? मी म्हणालो, हो, दोन ग्लास. मी मोजले होते.

सगळ्यांना वाटून झालं. लोक गेले. काका सोफ्यावर झोपले. फ्लोराने उरलेला मलिदा डब्यात भरला, नॉटिंगहॅमला तिच्या वॉर्डातल्या मुलींसाठी. मी थाळी धुतली आणि पुसून ठेवली. मागचं दार उघडं होतं, बाहेरून गार, कोरडी हवा येत होती. त्या उन्हाळ्याचं आता माझ्याकडे काही देणं राहिलेलं नाही. हे लिहिताना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

अखेर दिलं ते असं. पातळ पोहे एक किलो. नारळ दोन, खवून. साखर, बेदाणे, वेलची. केळी, सफरचंदं, खजूर, द्राक्षं, डाळिंबं. गुलाबाच्या पाकळ्या आईने लावलेल्या झाडाच्या, जेवढ्या उन्हातून वाचल्या तेवढ्या. एलियाहू हन्नाबीला. पोचलं की नाही, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.